मोबाइलवरची दौलतजादा

संपादक महोदय,
स. न.

माझे भावोजी लालबागला चाळीत एकटेच राहतात. बहीण जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा पुण्याला. गेल्या महिन्यात त्यांचं पासबुक भरून आणायला मी गेलो. तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे नोंदी वाचायची खोड काही जात नाही. १०१, २५१, ५०१, पुन्हा २५१... सगळे एकाच खात्यावर. चार महिन्यांत अडतीस हजार! पेन्शनीतून त्यांच्या गोळ्यांचं बिल कसंबसं निघतं, हे मला ठाऊक आहे.

ते खातं एका गाणाऱ्या पोराचं. तो रोज रात्री यूट्यूबवर लाइव्ह येतो. गाणी म्हणतो, गप्पा मारतो. गळा गोड आहे, खोटं कशाला बोलू? पडद्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड. एका रात्री मी भावोजींशेजारी बसून पाहिलं. त्यांचे पैसे पोचताच तो म्हणाला, "आले, काका आले! आता मैफल रंगणार." भावोजींचा चेहरा असा खुललेला मी बहीण गेल्यापासून पाहिला नव्हता. त्यामुळे रागावताही येईना. मग त्यांनी आणखी २५१ पाठवले आणि सोबत लिहिलं, की या आठवड्यात गोळ्या राहिल्या, पण तुझा कार्यक्रम चुकवला नाही. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "याला म्हणतात प्रेम. शिका जरा काकांकडून!"

कलाकाराला पैसे देऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. लोकलमध्ये गाणाऱ्याच्या हातावर मीही दहा-वीस ठेवतो. तमाशात दौलतजादा होतीच, नाव पुकारून व्हायची आणि तिच्यापायी घरंही बुडाली. पण फड चार दिवसांनी दुसऱ्या गावाला जायचा. हा फड रोज रात्री उशाशी असतो.

'लोक स्वखुशीने देतात' हे ठरलेलं उत्तर. पण यूट्यूबवर पैसे देऊन मेसेज झळकवायची सोय, सुपरचॅट, २०१७ साली आली. त्यात रक्कम जितकी मोठी तितका वेळ तुमचा मेसेज वर झळकत राहतो, अगदी पाच तासांपर्यंत. त्यातले तीस टक्के कंपनीचे. तरी तिथे एका माणसाच्या रोजच्या खर्चाला निदान कमाल मर्यादा आहे. थेट क्यूआरवर पाठवताना बँकेची असेल तेवढीच. चीनने २०२२ मध्ये अल्पवयीन मुलांना लाइव्हवर असे पैसे उधळायला बंदी केली. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेचे २०२१चे नियम आहेत, पण ते जाहिरातींपुरते. आणि सत्तरीच्या एकट्या माणसाला कोणता कायदा अडवणार? तो सज्ञान आहे, पैसे त्याचेच आहेत.

म्हणून मागणं लाइव्ह गाणाऱ्या त्या मुलांकडेच आहे. एकच नाव रोज येतंय हे त्यांना दिसतं. एका माणसाकडून महिन्याला अमुक रुपयांवर घेणार नाही, हे कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगून टाकावं. औषधाचा, कर्जाचा, उपाशी राहिल्याचा उल्लेख आला की पैसे परत करावेत. आणि नाव मात्र घ्यावं, फुकट घ्यावं. भावोजी तेवढ्यासाठीच तर पैसे मोजतात.

हे सगळं मी त्या मुलाला मेल करून कळवलं होतं. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. बहुधा सोबत २५१ रुपये जोडायला हवे होते.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, परळ, मुंबई