बाबा, लोनचं काय ठरवलं ते लिहून राहिली

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही कॉलवर म्हणाले की रिटायरमेंटचे पैसे आले की त्यातून लोनचा मोठा भाग भरून टाकू. फोनवर हे सगळं धड बोलता येत नाही म्हणून लिहून राहिली. ते पैसे लोनमध्ये टाकायचे नाहीत. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आईची एफडी तर अजिबातच नाही. लोन माझ्या शिक्षणाचं आहे, मीच फेडीन, आणि १० वर्षं लावणार नाही.

हिशोब करून पाहिला मी. ४० लाख, साडेदहा टक्के, १० वर्षं, हप्ता जवळजवळ ५४ हजार. नुसते हप्ते भरत राहिलो तर २४ लाख ७५ हजाराच्या आसपास व्याजच जाते. तेच महिन्याला दीड लाख भरले तर अडीच वर्षांहून थोडं जास्त लागतं आणि व्याज ६ लाखाच्या आत राहतं. इथे अमेरिकेत रूममेट्ससोबत राहून मला एवढं जमते.

काका म्हणून राहिले होते की घाई कशाला, रुपया पडतच राहतो, २०१४ मध्ये डॉलर साठच्या आसपास होता, आता त्याहून बराच वर आहे, म्हणजे डॉलर कमावणाऱ्याला रुपयातलं लोन हळूहळू हलकंच होते, तो पैसा इथल्या मार्केटमध्ये लाव. त्यांचं म्हणणं खोटं नाही, मीही यावर खूप विचार केला, पण हे सगळं माझा पगार डॉलरमध्ये येत राहील तोवरच खरं आहे ना. ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायच्या परवानगीचं १ वर्ष, मग सायन्स-इंजिनीअरिंगवाल्यांना मिळणारं स्टेमचं एक्स्टेन्शन २ वर्षं, आणि पुढे एच-वन-बी या वर्क व्हिसाची लॉटरी, ज्यात वर्षाला ८५ हजार जागा आणि अर्ज करणारे त्याहून कितीतरी जास्त. ओपीटीवर असताना नोकरी गेली तर सगळे मिळून ९० दिवस बिनकामाचे चालतात, एक्स्टेन्शनमध्ये धरून १५०, त्यानंतर इथे राहता येत नाही. उद्या परत यावं लागलं आणि अगदी नागपूरला मिहानमध्ये चांगली नोकरी लागली तरी सुरुवातीच्या पगारातून ५४ हजाराचा हप्ता गेल्यावर हातात काय उरणार? म्हणून डॉलर येऊन राहिले तोवरच फेडून घ्यायचं.

आणि घराचे कागद. त्या प्लॉटच्या आरएलसाठी, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी, तुम्ही एनआयटीत (नागपूर सुधार प्रन्यासमध्ये) किती चकरा मारल्या ते मला आठवते, मी लहान होती, स्कूटरवर मागे बसून यायची. तेच कागद माझ्यासाठी बँकेत तारण पडले आहेत. ते परत घरी आले पाहिजेत, मग मार्केटमध्ये दोन टक्के जास्त सुटोत की न सुटोत.

पण सगळाच पगार लोनमध्ये घालणार नाही, काळजी करू नका. लोनमध्ये भरलेला पैसा गरज पडली तर परत काढता येत नाही, म्हणून आधी ६ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून राहिली. आणि ४०१(के) मध्ये, म्हणजे इथल्या पीएफसारख्या रिटायरमेंट खात्यात, कंपनी जेवढं मॅच करते तेवढं मीही टाकीन, ते सोडणं म्हणजे पगार सोडणं आहे. इन्कम टॅक्समध्ये शिक्षणाच्या लोनच्या व्याजावर मिळणाऱ्या सुटीचं म्हणाल तर ती सूट जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते, तुम्ही नवीन घेतली आहे, म्हणजे त्या सूटीसाठी लोन लांबवण्यात काही अर्थच नाही.

आता बाबा, बँकेत एक चक्कर मारा. आपला रेट फ्लोटिंगच (म्हणजे वेळोवेळी बदलणारा) आहे हे सँक्शन लेटरवर पाहून घ्या, फ्लोटिंग असेल तर लवकर भरल्याचा दंड आरबीआयच्या नियमाने लावता येत नाही. आणि लेखी अर्ज द्या, की जास्तीचे पैसे मुद्दलात जमा करा, हप्ता तेवढाच ठेवा आणि मुदत कमी करा. हे लेखी नाही दिलं तर ते पैसे पुढचे हप्ते म्हणून धरले जाऊ शकतात आणि व्याज काही कमी होत नाही. अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या. लोन पूर्ण फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, म्हणून नो ड्यूजच्या (काही बाकी नाही या दाखल्याच्या) वेळी आपण दोघंही तारीख लिहून ठेवू.

आई, तू बाबांना समजाव. रिटायरमेंटच्या पैशातून पहिले वरच्या खोलीत एसी लावा, मे महिन्यात ४६ डिग्रीत तुम्ही दोघं कूलरवर काढता, यंदा तसं नको. कोटेशन घेतलं की फोटो पाठवा.

तुमची पोट्टी