पोप कुणाच्या पक्षाचे?

संपादक महोदय,
स. न.

नवे पोप चौदावे लिओ यांच्या मे 2025 मधील निवडीवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. ‘पुरोगामी की सनातनी’ या एकाच प्रश्नाभोवती तो फिरतो. कोण आघाडीवर, कोण मागे पडले, कुणाचा गट फुटला... पोप निवडणारे 133 कार्डिनल (वरिष्ठ धर्मगुरू) व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये जमले होते की विधानसभेत, असा प्रश्न पडावा. पोपच्या निवडीवरचा ‘कॉन्क्लेव्ह’ सिनेमा 2025 मध्येच ऑस्कर घेऊन गेला, त्याचाही हा परिणाम असेल.

मी वसईतला जुन्या वळणाचा कॅथलिक. गर्भपाताला माझा विरोध आहे, विवाहाविषयीची ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण बदलू नये असे मला वाटते आणि मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) गिटार व टाळ्या मला आजही रुचत नाहीत. लेखाच्या हिशेबाने मी ट्रम्पसाहेबांचा माणूस ठरतो. ते मात्र मान्य नाही.

आधीचे पोप फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 ला गेले. त्यांच्यासाठी नऊ दिवसांच्या मिस्सा चालू असतानाच ट्रम्प यांनी एआयने बनवलेले स्वतःचे चित्र टाकले: पांढरा झगा, डोक्यावर पोपचा उंच मुकुट, गळ्यात सोनेरी क्रूस, एक बोट वर. व्हाइट हाऊसनेही ते फिरवले. न्यूयॉर्कच्या बिशपांच्या संस्थेने ‘आमची थट्टा करू नका’ असे बजावले. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स 2019 मध्ये कॅथलिक झाले. त्यांना हा विनोद चालला. ईस्टरच्या दिवशी, म्हणजे मृत्यूच्या आदल्याच दिवशी, फ्रान्सिस यांनी याच व्हान्स यांच्या मुलांसाठी चॉकलेटची अंडी दिली होती! पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात येशूच्या शेवटच्या भोजनाची टिंगल झाली म्हणून 2024 मध्ये आम्ही संतापलो, ते रास्तच होते. मग आमच्याच मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे चित्र हसऱ्या इमोजींसह का फिरले?

फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये गर्भपाताची तुलना सुपारी देण्याशी केली होती. तेच फ्रान्सिस फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहून स्थलांतरितांच्या सरसकट हकालपट्टीविरुद्ध बोलले. आपला लेखक त्यांना कोणत्या रकान्यात टाकणार? नव्या पोपनी लिओ हे नाव घेतले ते मुख्यतः पोप तेराव्या लिओंच्या 1891 च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रामुळे, असे त्यांनी स्वतः कार्डिनलांना सांगितले. त्या पत्रात समाजवाद साफ नाकारला आहे आणि खासगी मालमत्तेचा हक्क ठणकावून मांडला आहे. पण कामगाराला घर चालेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे आणि त्याला संघटना बांधता आली पाहिजे, हेही त्यातच आहे. पत्र फार मोठे नाही. लेखकाने एकदा नजरेखालून घालावे.

जाता जाता एक दुरुस्ती. मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशस यांनी मतदान केल्याचे लेखात म्हटले आहे. त्यांना डिसेंबर 2024 मध्येच 80 वर्षे पूर्ण झाल्याने तो अधिकार उरला नव्हता. मतदान करणारे भारतीय कार्डिनल चार होते, त्यांत गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव.

आपला,
एक वाचक, वसई