घाण्यामागे पळीभर तेल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी साक्री तालुक्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. पीएचडीला विषय घेतला पांझरा आणि कान नदीवरच्या फड बागायतीचा, म्हणजे ते दगडी बंधारे, त्यातून काढलेले पाट आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं ही जी रीत आहे ती बसली कशी ते शोधायचं. विषय मंजूर करणाऱ्या कमिटीपुढे गेलो तर पहिलाच प्रश्न, हा भूगोल की इतिहास? म्हटलं दोन्ही. तर म्हणे एक काय ते ठरवून या.

आता ठरवणार कसं सांगा. बंधारा त्याच जागी का, हे नदीचा उतार सांगतो आणि पाण्याची पाळी कुणाची हे जुने मोडी कागद. मला टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, वाचता येते पण मोडीचं एक अक्षर लागत नाही, आमच्या इतिहासाच्या मॅडम मोडी घडाघडा वाचतात पण कंटूर (नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा) म्हटलं की हात जोडतात. दोघं एकदा समोर कागद न नकाशा पसरून बसलो तर दोन दिवसांत जे उलगडलं ते मला एकट्याला वर्षभर उलगडलं नव्हतं. यूजीसीच्या नियमात अशा विषयाला बाहेरचा को-गाईड घ्यायची मुभा आहे, तरी आमची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर.

पोरांचंही तेच. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी आधी थाळनेर मग बुऱ्हाणपूर, १६०१ ला असीरगड अकबराकडे गेला, एवढं पाठ. पण तापीकाठी थाळनेरच का, सुरत-बुऱ्हाणपूर वाट कुठून जायची, हे विचारलं की तो भूगोल, आणि भूगोलाच्या पेपरात थाळनेर नाहीच!

गंमत म्हणजे चाळीसगावजवळ पाटण्याला चांगदेवाने आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात अंकगणित, बीजगणित, ग्रह आणि पृथ्वीचं वर्णन असं सगळं एकत्र, डिपार्टमेंट कुठलं हे तिथे कुणी विचारलं नसावं. शिलालेखाच्या शेवटी चक्क मराठीत लिहिलंय की दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचं. (आमच्या एका विद्यार्थ्याची फेलोशिप आठ महिने अडकलीय, त्याला हे सांगितलं तर म्हणे सर, तेल तरी द्या.)

कमिटीची पुढची मीटिंग दिवाळीनंतर आहे म्हणतात. आमच्या गावातले म्हातारे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे, नव्वदीला टेकलेत, जुन्या चाऱ्या (पाटाच्या छोट्या फांद्या) कुठून जायच्या हे आता त्यांनाच ठाऊक. परवा माझा नकाशा बघून म्हणाले, "पानी कसं फिरस हाई याम्हा दिखस का भाऊ?" (पाणी कसं फिरतं हे यात दिसतं का?) मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलंय, परवानगी यायची तेव्हा येईल.

आपला,
एक प्राध्यापक, साक्री तालुका
(नाव छापू नये ही विनंती)