मिनिटाचा दर शून्य केलात, आता ई1 कधी काढणार? दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, संचार भवन, नवी दिल्ली

विषय : दूरसंचार कंपन्यांमधली आंतरजोडणी (एकीचे कॉल दुसरीकडे पोचवणारी जोडणी) ई1 या जुन्या तारांवरून आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीवर, नेण्याची तारीख

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्याला मराठी येते, म्हणून मराठीतच लिहितो. 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आंतरजोडणीचे नियम पुन्हा तपासायला घेतले आणि सूचना मागवल्या. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण हीच गाडी येणार म्हणून आम्ही 2017 पासून फलाटावर उभे आहोत.

थोडा इतिहास सांगतो, कारण मंत्री बदलतात आणि फाइल तिथेच राहते. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, की पहिलीने दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायचे. हे टर्मिनेशन शुल्क; आमच्या बोलीत आययूसी. 2004 पासून ते 30 पैसे होते, 2009 मध्ये 20, 2015 मध्ये 14. सप्टेंबर 2017 मध्ये ट्रायने ते 6 पैशांवर आणले आणि 1 जानेवारी 2020 पासून शून्य होईल असे जाहीर केले. युक्तिवाद बिनतोड होता: आवाज आता फोरजीच्या व्होएलटीईवर, म्हणजे डेटाच्या पाकिटांतून जातो, मिनिटाचा खर्च नगण्य झाला, तर वसुली कसली?

तारीख जवळ आली तशी ती वर्षभर पुढे गेली. त्याआधी ऑक्टोबर 2019 मध्ये जिओने दुसऱ्या नेटवर्कवरच्या कॉलसाठी ग्राहकाकडूनच 6 पैसे घ्यायला सुरुवात केली होती. त्याच सुमारास घंटी किती वेळ वाजवायची यावरूनही भांडण पेटले. जिओने ती 20 सेकंदांवर आणली. कारण साधे: उचलायच्या आत घंटी बंद झाली तर तो मिस्ड कॉल, समोरचा उलट फोन करणार आणि 6 पैसे त्याच्या कंपनीच्या खिशातून जाणार. शेवटी ट्रायला मोबाइलसाठी 30 आणि लँडलाइनसाठी 60 सेकंद असा आदेश काढावा लागला. देशाचा नियामक घंटीचे सेकंद मोजत बसला होता! 1 जानेवारी 2021 ला दर एकदाचा शून्य झाला.

दर गेला. तार राहिली.

व्होएलटीईचा कॉल आपल्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये एसआयपी (कॉल जोडायची इंटरनेटची भाषा) संदेशांनी जुळतो आणि आवाज एएमआर-डब्ल्यूबी या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीत, साधारण 50 ते 7000 हर्ट्झच्या पट्ट्यात, सेकंदाला 12.65 किलोबिटमध्ये मावतो. दुसऱ्या कंपनीची हद्द आली, आणि जोडणी ई1वर असली, की मीडिया गेटवे हे हद्दीवरचे रूपांतराचे यंत्र हाच आवाज सोलून 300 ते 3400 हर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात आणि 64 किलोबिटच्या जी.711 या जुन्या कोडेकमध्ये बसवतो. पलीकडचा गेटवे त्याचे पुन्हा एएमआर करतो. दोनदा रूपांतर, दोनदा विलंब, आणि गेलेले सूर परत येत नाहीत. टोल माफ करायचा, पण नाक्यावर सगळ्यांना मोटारीतून उतरवून बैलगाडीने पलीकडे न्यायचे, असा हा कारभार आहे. टूजीच्या ग्राहकापर्यंत जाताना रूपांतर लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. दोन्ही टोकांना फोरजी असताना मध्ये हे कशाला?

संदेशांचीही तीच गत. ई1वर यंत्रे आयएसयूपी ही जुनी भाषा बोलतात, आत एसआयपी; कॉल का लागला नाही हे दोन्हींत वेगळ्या आकड्यांनी सांगतात. ग्राहक दुसऱ्या कॉलवर असेल तर आयएसयूपीचे कारण 17 येते. त्याचे एसआयपीत 486 व्हायला हवे. कारण 34, म्हणजे मार्ग मोकळा नाही, त्याचे 503. नंबर अस्तित्वात नसेल तर कारण 1, त्याचे 404. एखाद्या गेटवेच्या तक्त्यात एक ओळ चुकली की गजबजलेल्या मार्गावरच्या चांगल्या नंबरला “हा क्रमांक अस्तित्वात नाही” असे ऐकू येते. ग्राहक सिमकार्ड बदलतो, हँडसेट बदलतो. चूक तक्त्यात असते.

आता हिशेब. एका ई1वर एका वेळी 30 कॉल. नियम सांगतो की आंतरजोडणीवर 0.5 टक्क्याहून जास्त कॉल अडायचे नाहीत. तो पाळायचा तर एकट्या ई1वर गर्दीच्या तासाला 19 अर्लांगच (म्हणजे सरासरी एका वेळी 19 कॉलचाच) भार टाकता येतो. बाकीचे चॅनेल राखीव. असे दहा ई1 दहा ठिकाणी विखुरले तर 190 अर्लांग, एकत्र बांधले तर अडीचशेच्या वर. आपल्याकडे जोडण्या 22 दूरसंचार परिमंडळांत, आणि परिमंडळाच्या आतही, विखुरलेल्या आहेत. मुंबई वेगळी, गोवा महाराष्ट्रात. याउलट आयपीचा 10 गिगाबिटचा एक पोर्ट (जोडणीचे तोंड), एएमआर-डब्ल्यूबीचे कॉल पाकिटांवरच्या पत्त्यांसकट, म्हणजे हेडरांसकट, धरूनही, दोन लाखांवर कॉल नेतो. तेवढ्यासाठी 6,667 ई1 लागतील. त्यांची कार्डे, त्यांचे रॅक, त्यांची वीज, त्यांचा एसी! आणि पोर्टचे शुल्क आजही ई1 मोजूनच.

2016 मध्ये काय झाले ते आपल्या खात्याला आठवत असेल. शंभरातले 75 कॉल अडतात अशी जिओची ओरड, पोर्ट देत नाही म्हणून एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर एकूण 3,050 कोटींच्या दंडाची ट्रायची शिफारस, आणि तिला दूरसंचार खात्याच्या डिजिटल कम्युनिकेशन्स कमिशनची मान्यता मिळाली जुलै 2019 मध्ये. आयपीवर क्षमता वाढवायची तर बहुतेक वेळा सेटिंगमधला आकडा बदलायचा असतो. ई1वर तो अर्ज असतो, पत्रव्यवहार असतो आणि पोर्ट नाकारायचे हत्यार असते. हे हत्यार कोणाला सोडवत नाही, हे खरे कारण. आयपी जोडणी आज संमतीवर सोडली आहे, आणि “परस्पर संमतीने आयपी” या शब्दांचा अर्थ, ज्याचे ग्राहक जास्त त्याच्या मर्जीने.

आयपीवर सगळे आलबेल होईल असेही नाही. यूडीपीवरचा (पोच न घेता पाठवलेला) फुगलेला इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा संदेश, तुकडे होऊन हरवतो, मग पोच घेणारी टीसीपी लागते. 183 हा “कॉल जुळतोय” असे सांगणारा संदेश नीट हाताळला नाही तर घंटीच ऐकू येत नाही. हद्दीवरच्या एसबीसी या पहारेकरी यंत्राने पत्ता चुकीचा लिहिला तर एकतर्फी आवाज. नंबरापुढे +91 लावायचा की 0, पोर्ट केलेल्या (कंपनी बदललेल्या) नंबरला एलआरएन, म्हणजे मार्ग दाखवणारा क्रमांक, कुठे जोडायचा, हे प्रत्येक जोडीने वेगवेगळे ठरवले तर जत्रा होईल. म्हणूनच हे नियमात लिहा, संमतीवर सोडू नका.

आणि शून्य दराचा खरा फायदा कोणाला झाला? सिमबॉक्सवाल्यांना, म्हणजे अनेक सिमकार्डांच्या पेट्या चालवणाऱ्यांना. परदेशातून येणाऱ्या कॉलवर मे 2020 पासून 35 ते 65 पैसे टर्मिनेशन. देशातल्या कॉलवर शून्य. परदेशी कॉल इंटरनेटने चोरून आणायचा, सिमबॉक्समधून स्थानिक नंबरने सोडायचा. एक सिम दिवसाला दहा तास चालले तर 600 मिनिटे, 65 पैशांनी 390 रुपये. 32 सिमच्या पेटीला दिवसाला 12,480. लातूरला 2017 मध्ये एटीएसने असे बेकायदा एक्स्चेंज पकडले, तेव्हा स्थानिक शुल्क शिल्लक होते. आता तेही नाही, वर अमर्यादित कॉलचा पॅक. आणि पैशांचा ताळा नाही, म्हणून दोन कंपन्यांचे सीडीआर (कॉलच्या नोंदी) पूर्वीच्या चिकाटीने कोण जुळवणार?

ग्राहकाला काय मिळाले? जुलै 2024 मध्ये जिओचा 28 दिवसांचा सर्वांत स्वस्त पॅक 155 वरून 189 झाला, एअरटेलचा 179 वरून 199. ज्यांना डेटा नकोच, त्यांच्यासाठी ट्रायने कान पिळल्यावर जानेवारी 2025 मध्ये आलेले निव्वळ कॉल-एसएमएसचे पॅक 84 दिवसांना 448 आणि 469 रुपये. मिनिटाचा खर्च नगण्य होता ना? आणि याच कंपन्यांची संघटना मोठ्या इंटरनेट कंपन्यांकडे “न्याय्य वाटा” मागते, कारण पाकिटे वाहून नेणे फार महाग पडते म्हणे. पाकीट आवाजाचे असले की फुकट, व्हिडिओचे असले की महाग. सरकार दोन्ही अर्ज स्वीकारते, दोन्हींवर सल्लामसलत करते.

तर आता कागद पुरे. फोरजी-फोरजी कॉलसाठी एसआयपी जोडणी सक्तीची करा. कोडेक न बदलता आवाज पलीकडे गेला पाहिजे, हे लिहा. देशात मोजकी सामाईक ठिकाणे ठरवा. तिथपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करावा. परदेशी आणि देशी दरांतली फट कशी बुजवणार ते सांगा. आणि तारीख द्या. ती पुन्हा पुढे ढकलायची असेल तर तेही आत्ताच कळवा, म्हणजे भंगारात निघालेली ई1 कार्डे सुट्या भागांसाठी जपून ठेवता येतील. नवी आता मिळत नाहीत.

आपले,
आंतरजोडणीचे काम करणारे काही अभियंते