माजी विद्यार्थ्यांचा गौरव करताना

महोदय,
१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव होतो, तेव्हा मोठ्या पदांइतकेच मोल समाजसेवेलाही मिळावे, असे मला मनापासून वाटते. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले असताना, आमच्या गल्लीत नावेतून दुधाच्या पिशव्या आणि आजीची रक्तदाबाची औषधे घेऊन आलेला तरुण याच विद्यापीठाचा पदवीधर होता, आणि आजही तो नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी मुलांना मोफत गणित शिकवतो. राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहे उभारली त्या नगरीला हे साजेसेच आहे. अशी माणसे स्वतःहून अर्ज करत नाहीत. त्यामुळे गावोगावचे शिक्षक आणि ग्रामपंचायती यांच्याकडे विचारणा करून विद्यापीठानेच त्यांची नावे शोधावीत.

– एक माजी विद्यार्थी, कोल्हापूर