विषय: 90 दिवसांच्या व्हिसावर पाच महिने राहण्याचा तुमचा सल्ला

व्यवस्थापक,

तुमच्या व्हिसा एजन्सीच्या हेल्पलाइनशी आत्ताच बोललो. बोलणं संपलं नव्हतं, फोन मात्र तिकडून कट झाला. म्हणून हे लेखी.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांना जर्मनीत पाच महिने राहायचंय, हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तुमच्याच फॉर्मवर लिहूनही दिलं. तरी अर्ज भरलात शेंगेनच्या (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या) 'सी' व्हिसाचा, म्हणजे कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याचा. 90 दिवसांपलीकडे 'डी' व्हिसा लागतो आणि आमच्यासारख्यांना तो मिळणं अवघड असतं, हे आधी सांगण्याचेच तर तुम्ही पैसे घेता ना?

आता फोनवरचं ऐका. तुमच्या मॅडम म्हणाल्या, "सर, 90 दिवस झाले की दोन दिवस लंडनला जाऊन या, काउंटर झिरो होतो." म्हटलं, अहो, प्रत्येक दिवशी मागचे 180 दिवस बघतात, बाहेर पडल्याने आधीचे दिवस पुसले जात नाहीत. (लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, हे तर त्यांच्या गावीही नव्हतं.) "मग फ्रान्सला राहा." शेंगेनच्या सगळ्या 29 देशांतले दिवस एकत्रच मोजतात, मॅडम. होल्ड. बराच वेळ गाणं. मग, "तिकडे गेल्यावर एक्स्टेंड करून घ्या, सगळे करतात." ती मुदतवाढ गंभीर आजारपणासारख्या कारणांसाठी असते, नातवासाठी नाही, एवढं म्हटलं तर उत्तर आलं, "एवढं माहितीये तर स्वतःच का नाही भरलात अर्ज?"

हा तुमचा 'तज्ज्ञ सल्ला'. उद्या मुदतीबाहेर राहिलो तर प्रवेशबंदी त्या मॅडमवर येणार आहे का? आता शेंगेनच्या सीमेवर एंट्री-एक्झिट सिस्टीममध्ये चेहऱ्याचा फोटो आणि ये-जा सगळंच नोंदतात.

30,000 युरोंच्या विम्याचंही तेच. 'खास प्रीमियम कव्हर' म्हणून तुम्ही गळ्यात मारलात, ती तर शेंगेन व्हिसाची किमान अट आहे!

पाच महिने. पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आता 'डी'साठी प्रयत्न करायचा तरी नव्याने अपॉइंटमेंट, नव्याने कागद, आणि बाळंतपण काही तुमच्या स्लॉटसाठी थांबणार नाही. ओळखीच्यांनी तुमचं नाव विश्वासाने सुचवलं होतं, याचं जास्त वाईट वाटतं.

व्हिसा फी परत मिळत नाही, ठाऊक आहे. तुमचा सेवाशुल्क आणि 'प्रीमियम'च्या नावाखाली घेतलेली जादा रक्कम पंधरा दिवसांत खात्यात जमा करा, नाहीतर ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो. तो फॉर्म आणि पावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर लेखीच द्या, फोन नको.