फोनवर बोलायचं राहून गेलेलं, तडजोडीबद्दल

प्रिय बाळ्या,

परवा फोन ठेवला आणि रात्री झोपच लागेना. तू म्हणालास की लोकांनी बहुमत दिलंय ते काय वाटाघाटी करत बसायला दिलंय का, तडजोड करणाऱ्यांना कणाच नसतो. मी गप्प बसलो, कारण कांद्याच्या भावाने तुझं डोकं आधीच फिरलेलं होतं. पण हे मनात ठेवून दिवाळीला तुझ्या ओट्यावर येऊन बसणं मला जमायचं नाही, म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो, मी बदललेलो नाही. आपण दोघं एकाच शाखेत वाढलो, पहिलं मत एकाच चिन्हाला दिलं आणि आजही देतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट मोडायच्या आधी दहादा विचार करावा, सरकारने लोकांच्या घरात आणि धंद्यात कमीत कमी हात घालावा, हे मला आजही तितकंच पटतं. आणि हे पटतं म्हणूनच मला तडजोड हवीशी वाटते.

मुलुंडचा जकात नाका आठवतो का तुला? एकदा माझ्यासोबत टेम्पोत बसून आला होतास, मागे वायरची बंडलं आणि स्विचबोर्ड, पुढे ट्रकची रांग, ड्रायव्हरने उतरून दोनदा चहा घेतला, आणि नाक्यावरच्या माणसाने खोकी फोडून माल मोजला तेव्हा तू म्हणालास की हे काय चाललंय, एकाच देशात ठाण्याहून मुंबईला माल न्यायचा तर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, देशभर एकच वस्तू आणि सेवा कर, आणि ती जकात बंद झाली. आता माझा टेम्पो तिथे थांबत नाही.

हे कसं झालं ते मी बारकाईने बघितलंय, कारण माझं पोट त्यावर आहे. राज्यांच्या अर्थमंत्र्यांची समिती वाजपेयींच्या काळात बसली आणि तिचा अध्यक्ष कोण, तर बंगालचे असीम दासगुप्ता, पक्के कम्युनिस्ट. पुढे काँग्रेसचं सरकार असताना त्याच समितीवर भाजपचे सुशील मोदी अध्यक्ष होते. २०११ ला काँग्रेसने विधेयक आणलं तेव्हा आपल्याच पक्षाच्या गुजरातने आणि मध्य प्रदेशने विरोध केला होता, राज्याचा महसूल जाईल म्हणून. मग २०१४ नंतर बाजू पालटल्या, आणि राज्यसभेत आपल्याकडे आकडा नव्हता. काँग्रेस म्हणाली राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरचा १ टक्का जादा कर काढा, काढला. कराला १८ टक्क्यांची मर्यादा राज्यघटनेत लिहा म्हणाली, ते अर्थमंत्री जेटलींनी नाही मानलं. राज्यं म्हणाली आमचं नुकसान कोण भरणार, तर दरवर्षी १४ टक्के वाढ धरून पाच वर्षं भरपाई द्यायचं ठरलं. इकडे शिवसेना महापालिकेच्या जकातीवरून अडून बसली, तर पुढे २०१७ ला भरपाईचा वेगळा कायदा झाला. आणि या सगळ्या ओढाताणीच्या मध्येच ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेत मतदान झालं, २०३ विरुद्ध शून्य. शून्य, बाळ्या!

किंमत मोजावी लागली, नाही कशाला म्हणू. पेट्रोल, डिझेल आणि दारू बाहेर राहिली, करांचे टप्पे इतके की सुरुवातीला मी आणि माझा सीए दोघं वेडे व्हायचो. पण जीएसटीच रद्द करतो म्हणत आज कोण उभं राहतं सांग? कर ठरवणाऱ्या जीएसटी कौन्सिलमध्ये केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतं, म्हणजे कुणालाच एकट्याने रेटता येत नाही. पहिली तीन वर्षं तर मतदानच झालं नाही, सगळं एकमताने, पहिलं मतदान डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरच्या करावरून झालं. आणि सप्टेंबर २०२५ ला टप्पे कमी झाले तेही त्याच टेबलावर बसून.

आता तुझ्या दुखऱ्या जागेवर येतो, रागावू नकोस. २०२० चे कृषी कायदे, बाजार समितीबाहेरही माल विकायची मुभा देणारे. ते तुला हवे होते, मलाही हवे होते, घनवटांसारखे शेतकरी संघटनेतले लोकसुद्धा त्या बाजूने होते. महाराष्ट्राने २०१६ लाच फळं-भाजीपाला बाजार समितीच्या जोखडातून काढला होता, काही आभाळ कोसळलं नाही. पण केंद्राने केलं काय? जून २०२० ला, लोक घरात कोंडलेले असताना, वटहुकूम. शेती हा राज्यांचा विषय, तरी राज्यांना आधी विश्वासात घेतलं नाही. अकाली दल म्हणजे किती जुना मित्र, त्यांच्या मंत्रीणबाईंनी राजीनामा दिला तरी कुणी थांबलं नाही. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक म्हणत होते प्रवर समितीकडे पाठवा, मतविभागणी घ्या, आणि विधेयकं आवाजी मतदानाने पास! आणि त्याच आठवड्यात, १४ तारखेला, कांद्याची निर्यातबंदी. तूच मला कांदाचाळीतल्या कांद्याचा फोटो पाठवला होतास तेव्हा, आणि खाली नुसतं लिहिलं होतंस, "बाजार मोकळा झाला म्हणे."

जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, मग सरकारने स्वतःच दीड वर्ष कायदे बाजूला ठेवायची तयारी दाखवली. दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या आंदोलक शेतकऱ्यांनी ती नाकारली, आणि ती त्यांचीही चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोपर्यंत विश्वास उडाला होता. हीच तयारी सप्टेंबरात दाखवली असती, सहा महिने समितीत घातले असते, पंजाबला हमीभावाबद्दल काहीतरी लेखी दिलं असतं तर निदान अर्धा सुधार आज हातात असता. नोव्हेंबर २०२१ ला सगळं मागे घेतलं, तेही चर्चा न करता. आता पुढची वीस वर्षं कुठला पक्ष त्या विषयाला हात लावणार? बहुमत होतं ना, तीनशेच्या वर! आपल्याला पाहिजे ते रेटून करायला गेलं की असं हातचं जातं, आणि मला सर्वात जास्त त्रास याचाच होतो की नुकसान तुझ्यासारख्याचं झालं.

वाजपेयींचं बघ. १९९८ ला मित्रपक्षांसाठी राम मंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय बाजूला ठेवले. तेव्हा माझे वडील चार दिवस घरात कुणाशी नीट बोलले नव्हते. पण सोडले नव्हते ते विषय, थांबले होते फक्त. आणि १७ एप्रिल १९९९ ला एका मताने सरकार गेलं, २६९ आणि २७०, तर माणूस मुकाट राजीनामा द्यायला गेला. सहा महिन्यांत लोकांनी परत बसवलं.

तू म्हणशील आपल्या महाराष्ट्रात २०१९ पासून जे चाललंय तीही तडजोडच. नाही रे. ती खुर्चीसाठी केलेली सोयरीक, त्यात कुणी कुणाचं म्हणणं ऐकून घेत नाही, नुसती खाती वाटून घेतात. ते मला तुझ्याइतकंच खुपतं. मी म्हणतो ती तडजोड म्हणजे समोरचा हरला तरी उद्या त्याला आपल्या शेजारी राहायचंय हे धरून चालणं.

हे मी कुठल्या पुस्तकात नाही वाचलेलं, तुझ्याच घरी बघितलंय. सामाईक विहीर, सातबाऱ्यावर बापूंचे दहा आणे, काकांचे सहा. बापूंनी ठरवलं असतं तर दिवसाची लाइट आणि दिवसाची पाळी कायम आपल्याकडे ठेवली असती, कोण काय म्हणणार होतं? पण काकांना मुलगा नाही, रात्री एकट्याने बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला कोण जाणार, म्हणून रब्बीत दिवसाची पाळी त्यांना दिली आणि तू आणि मी त्या थंडीत रात्री दोन वाजता मोटर चालू करायला गेलो होतो, पायाला चिखल, तू बापूंना शिव्या घालत होतास. मग तीन वर्षांनी तुला द्राक्षाला पाइपलाइन टाकायची होती तेव्हा काकांनी आपल्या उभ्या पिकातून चारी खणू दिली, एक रुपया न मागता. ती पाइपलाइन अजून त्यांच्याच रानातून येते ना?

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघतो, जेवायला पोचेन. वहिनींना सांग फार काही करू नका, भाकरी आणि कांद्याची पात बास. आणि भांडायचं असेल तर मनसोक्त भांड, यावेळी फोन ठेवून पळता येणार नाही मला.

तुझा,
अण्णा